बाबा गेले, हॉस्पिटलचं बिल राहिलं, आता ते कोणी भरायचं?

वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. घरातलं मोठं माणूस दवाखान्यात गेलं, परत आलं नाही आणि मागे बिल राहिलं. त्यातली चार निवडली आहेत. नावं कोणाचीच देत नाही, नागपूरचे मोहल्ले तेवढे ठेवलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मानेवाड्याला राहतो, खासगी नोकरी आहे. दिवाळीच्या आधी बाबांना अटॅक आला, रात्री दीड वाजता धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं, १९ दिवस आयसीयूत होते आणि मग गेले. बिल झालं ८ लाख ४० हजार. इकडून तिकडून करून ४ लाख ६० हजार भरले, ३ लाख ८० हजार बाकी आहेत. बॉडी त्यांनी दिली, त्यात त्रास नाही दिला, पण तेरवी झाली तेव्हापासून बिलिंगवाले रोज फोन करून राहिले, म्हणतात एवढे पैसे देणं आहे असं लेखी द्या आणि हप्ते पाडून घ्या. ॲडमिट करताना माझ्याकडून चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या होत्या, सगळे इंग्रजीत, काय लिहिलं होतं काही माहीत नाही. बाबा शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या नावावर घर आहे, अडीच लाखाची एफडी आहे, एक एलआयसी आहे, दोन्हीला आई नॉमिनी. पतसंस्थेचं ९० हजार कर्जही आहे. मोठा भाऊ पुण्याला आयटी कंपनीत आहे. मोठे काका तेरवीत सगळ्यांसमोर म्हणाले की बापाचं कर्ज पोराच्या मानगुटीवर असते, नाही फेडलं तर बापाला गती मिळत नाही. आई तेव्हापासून घाबरून आहे, घराला टाळं लागेल म्हणते, दागिने मोडायला निघाली. बाबांचं एटीएम कार्ड माझ्याकडे आहे, पिन माहीत आहे, खात्यात लाखभर असतील, काढून भरून टाकू का?

उत्तर: भाऊ, आधी आईजवळ बसा आणि सांगा की दागिने मोडायचे नाहीत आणि घराला उद्या कोणी टाळं लावायला येत नाही. बाकीचं त्यानंतर.

काकांनी जे सांगितलं ते एकेकाळी कायद्यातही होतं, बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जायचं आणि तेवढ्या एका कारणावरून सावकार मुलावर दावा लावू शकायचा. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ नंतर झालेल्या कर्जासाठी हे कारण कोर्टात चालत नाही. आता सरळ हिशेब असा की बाबांचं देणं बाबांनी मागे ठेवलेल्या पैशातून आणि मालमत्तेतून फिटते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० सुद्धा हेच सांगते, वारसाच्या हातात मयताचं जेवढं आलं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. समजा एखाद्याने मागे दोन लाख ठेवले आणि देणं चार लाखांचं आहे, तर वरचे दोन लाख मुलाच्या पगारातून, त्याच्या गाडीतून किंवा त्याच्या बायकोच्या सोन्यातून वसूल होत नाहीत. काकांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या श्रद्धेपायी आईने गळ्यातलं काढून काउंटरवर ठेवावं हे मला अजिबात मंजूर नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, त्या चार-पाच सह्या. मुलगा म्हणून तुमच्यावर वैयक्तिक बोजा येत नाही हे खरं, पण हमीदार म्हणून येऊ शकतो. ॲडमिशनच्या गठ्ठ्यात साधारण उपचारांची संमती असते, आयसीयूची माहिती समजली असा कागद असतो, आणि त्यातच कुठेतरी एक असा असतो की पेशंटचं पूर्ण बिल भरायला मी स्वतः जबाबदार राहीन. त्यावर तुमची सही असेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याएवढीच धरतात, मग बाबांनी मागे काय ठेवलं हा प्रश्न बाजूला पडतो आणि हॉस्पिटल थेट तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून घरातल्या कोणी काहीही भरायच्या आधी हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या की माझ्या सहीच्या सगळ्या कागदांच्या प्रती द्या, आणि सोबत बाबांचे केस पेपर मागा. केस पेपर लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. नुसतं तोंडी मागितलं तर "मॅडम आल्या की बघू" हेच ऐकत बसाल. तो कागद हातात आला की एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या, कारण हमीपत्राची भाषा कशी आहे, कोणत्या परिस्थितीत सही घेतली, रकमेचा अंदाज दिला होता की नाही, यावर भांडायला जागा असते.

आणि ते "एवढं देणं आहे असं लेखी द्या" म्हणतात ना, ते आत्ता देऊ नका. अशा पैशाच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची असते आणि मुदतीच्या आत सही करून देणं कबूल केलं की ती ३ वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजायला सुरुवात होते. मी तुम्हाला मुदत संपेपर्यंत लपून बसा असं सुचवत नाही, तसलं मला पटत नाही, १९ दिवस तिथल्या नर्सेसनी आणि डॉक्टरांनी रात्री जागून काम केलंय, त्याचे पैसे झालेच पाहिजेत. पण बिल न तपासता ३ लाख ८० हजारांवर सही केली की तो आकडा पक्का होतो आणि मग त्यातली एक ओळही कमी करून घेणं जड जाते. पत्र द्यायचं तर त्यात लिहा की बिलाची तपासणी चालू आहे, वारसांची आणि मालमत्तेची माहिती जमवतोय, आणि हे पत्र म्हणजे रकमेची कबुली नाही.

एटीएमला हात लावू नका. माणूस गेला की त्याच्या खात्यावरचा कार्डाचा अधिकार संपला, मग पैसा तुम्ही हॉस्पिटललाच दिला तरी उद्या भावाशी किंवा पतसंस्थेशी वाजलं तर "याने बापाच्या मागे खात्यातून काढले" हा आरोप तुमच्यावर येतो. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, रीतसर क्लेम करा, कागद पूर्ण असले तर बँकेने १५ दिवसांत निकाली काढायचा असतो. मृत्यूची नोंद हॉस्पिटलनेच महापालिकेला कळवायची असते, तुमचं बिल बाकी आहे म्हणून ती अडवता येत नाही. झोन ऑफिसातून दाखल्याच्या भरपूर प्रती काढा, प्रत्येक ठिकाणी एक लागते.

आता बाबांचं कोणतं आणि आईचं कोणतं ते वेगळं करू. एलआयसीचा पैसा आईचा. विमा कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, नॉमिनी जर बायको, मुलं किंवा आई-वडील असतील तर ते त्या रकमेचे खरे मालक धरले जातात. फॅमिली पेन्शन आईची स्वतःची. तिचे दागिने तिचे स्त्रीधन, त्यावर कोणाचा हात नाही. एफडीचं मात्र तसं नाही, बँकेतला नॉमिनी फक्त पैसा हातात घेणारा असतो, सुप्रीम कोर्टाने नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे वारंवार सांगितलंय, तेव्हा ती अडीच लाखाची एफडी आणि खात्यातले लाखभर हे बाबांच्या मालमत्तेत येतात आणि देणी त्यातून द्यायची. घरही त्यातच येते. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि भाऊ असे तीन सारखे हिस्से, आणि बाबांची आई म्हणजे तुमची आजी हयात असेल तर तिचाही एक, हे लोक हमखास विसरतात. घर पूर्ण सुरक्षित आहे असं खोटं मी सांगणार नाही, पण ते जायला हॉस्पिटलला आधी दिवाणी दावा लावावा लागेल, साक्षीपुराव्यात बिल सिद्ध करावं लागेल, हुकूमनामा घ्यावा लागेल आणि मग जप्तीचा वेगळा अर्ज. फोनवरच्या पोराला यातलं काहीच करता येत नाही, तो फक्त फोन करू शकतो. एक मात्र पाळा, देणी मिटायच्या आधी एफडी मोडून वाटून घेऊ नका, वाटून खर्च केली तरी तेवढ्या रकमेचा हिशेब वारसाला द्यावाच लागतो.

मग बिल. तुमच्याकडे बहुतेक एक पानी सारांश असेल, तो बाजूला ठेवा आणि तारीखवार, बाबवार पूर्ण बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. ते घेऊन तुम्ही आणि भाऊ व्हिडिओ कॉलवर बसा, एका हातात बिल आणि दुसऱ्या हातात केस पेपर, एकेक दिवस लावत जा. मला अशा बिलांत काय दिसते ते सांगते. शेवटचा दिवस, पेशंट पहाटे चारला गेला, तरी आयसीयू बेडचा पूर्ण दिवस, व्हेंटिलेटरचा पूर्ण दिवस, आणि त्याच तारखेला सकाळच्या व्हिजिटचे दोन डॉक्टर आणि फिजिओथेरपी. ज्या दिवशी डायलिसिस झालंच नाही, नर्सिंग शीटवर "बीपी कमी म्हणून पुढे ढकलले" असं लिहिलंय, त्या दिवशी बिलात डायलिसिस किट. आतल्या फार्मसीतून सकाळी आलेली महागडी अँटिबायोटिकची इंजेक्शनं, दुपारी डॉक्टरांनी औषध बदललं, उरलेल्या व्हायल परत गेल्या पण परतीची क्रेडिट नोट बिलाला लागलीच नाही. ग्लोव्हज, सिरिंज, मास्क यांचे नग केस पेपरशी जुळतात का तेही बघा. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मी म्हणणार नाही, गर्दीत चुका होतात, पण चूक कोणाचीही असो, पैसे तुमचे जातात. जिथे जुळत नाही तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती यादी मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावाने द्या, बिलिंग काउंटरला नको, काउंटरला कमी करायचा अधिकारच नसतो. महाराष्ट्रात नर्सिंग होम नियमांत २०२१ ला बदल झाले तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, त्या दरपत्रकाचा फोटो काढून आणा आणि दर जुळवा. तक्रार ऐकली नाही तर नर्सिंग होमची नोंदणी ज्यांच्याकडे असते त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येते.

आणखी एक, तुमचा भाऊ आयटीत आहे. त्याला आजच विचारा की कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-बाबांचं नाव घातलं होतं का. पुष्कळ कंपन्यांत असते आणि पोरांना जॉइनिंगच्या वेळी भरलेला फॉर्म आठवतही नाही! नाव निघालं तर भरलेल्या ४ लाख ६० हजारांचाही क्लेम होऊ शकतो. पॉलिसीत कागद द्यायची मुदत दिलेली असते, ती गेली असेल तरी घाबरू नका, घरात मृत्यू झाला हे कारण लेखी द्या, नुसत्या उशिरासाठी खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामकाचं विमा कंपन्यांना सांगणं आहे. नाकारलाच तर विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून १ वर्षाच्या आत जायचं.

हे सगळं झाल्यावर जो आकडा खरा उरेल तो घेऊन बोलणीला बसा. एफडी आणि खात्यातले मिळून साडेतीन लाखाच्या आसपास आहेत, त्यातून एकरकमी देतो म्हटलं तर बरीच हॉस्पिटलं कमी करतात, कारण कोर्टात वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा त्यांनाही ते परवडते. ठरलं की आधी त्यांच्या लेटरहेडवर "अंतिम तडजोड, यानंतर पेशंटच्या वारसांकडे किंवा हमीदाराकडे काहीही येणं नाही" असं घ्या, मग पैसे, आणि तेही बँकेतून. हमीदार हा शब्द त्यात आलाच पाहिजे, तुमच्या त्या सहीसाठी. पतसंस्थेचं म्हणाल तर १९२५ च्या वारसा कायद्यात मयताची मालमत्ता मार्गी लावणाऱ्यासाठी क्रम दिला आहे, अंत्यविधीचा रास्त खर्च आणि शेवटच्या एक महिन्यातली वैद्यकीय फी ही बाकी कर्जांच्या आधी येतात. तेव्हा हॉस्पिटल आधी आणि पतसंस्था नंतर असं केलंत तर त्याला आधार आहे. फक्त पतसंस्थेला जामीनदार कोण आहेत ते बघा, ती माणसं बाबांच्या शब्दावर उभी राहिली होती, त्यांना अडकवून ठेवू नका.

प्रश्न: मी लग्न होऊन वर्ध्याला आहे, माहेर नागपूरला बेसा रोडला. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर होते, ते आधीच गेले, आईला फॅमिली पेन्शन होती आणि तिचं सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड होतं. मे महिन्यात तिला रात्री श्वास लागला, दादाने घराजवळच्या दवाखान्यात टाकलं, तो सीजीएचएसच्या यादीतला नव्हता. ११ दिवसांनी आई गेली. बिल ३ लाख १० हजार, त्यातले २ लाख मी माझ्या क्रेडिट कार्डने भरले, १ लाख १० हजार दादाने. आता दादा-वहिनी म्हणतात की आम्ही आईला सांभाळलं, तू आईच्या प्लॉटवर हक्कसोड करून दे. आणि वर म्हणतात की मुलगी म्हणून बरोबरीचा हिस्सा पाहिजे होता ना, मग बिलही निम्मं तुझंच. मी तर निम्म्याच्या वर भरलं. मला भांडायचं नाही हो, दादा एकच आहे मला. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं "भांडायचं नाही" हे मी दोनदा वाचलं. भांडू नका, पण सहीही करू नका, या दोन गोष्टी एकत्र जमतात.

आईच्या मागे तुम्ही आणि दादा दोघं सारखे वारस, आणि देणंही दोघांनी आपापल्या हिश्श्यापुरतं सोसायचं, म्हणजे १ लाख ५५ हजार प्रत्येकी. तुम्ही ४५ हजार जास्तच दिलेत. वहिनी म्हणतात ते तत्त्व बरोबर आहे, हिशेब चुकीचा आहे, आणि खरा हिशेब तुमच्याच बाजूने निघतो.

सगळ्यात आधी सीजीएचएसचा क्लेम. यादीबाहेरचा दवाखाना असला तरी इमर्जन्सीत नेलं असेल तर क्लेम करता येतो, पैसे मिळतात ते सीजीएचएसच्या दराने, पूर्ण ३ लाख १० हजार नाही मिळणार. डिस्चार्जची किंवा मृत्यूची जी तारीख असेल तिथपासून ६ महिन्यांच्या आत कागद गेले पाहिजेत, म्हणून घाई फक्त याच कामाची करा. कार्डधारक गेलेला असला की वारसाने स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट द्यायचं आणि बाकीच्या वारसांची नाहरकत लागते, म्हणजे दादाची सही तुम्हाला लागणार किंवा तुमची दादाला. हीच गोड बोलायची वेळ आहे. दोघं मिळून क्लेम करा, आलेला पैसा ज्याने जेवढा भरला त्या प्रमाणात वाटून घ्या, आणि हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मूळ बिलं, इमर्जन्सीचं सर्टिफिकेट, कार्डाची प्रत हे देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आणि दवाखान्याची पावती जपा, पावतीवर पैसे कोणाकडून आले हे नाव नसेल तर आत्ताच जाऊन लिहून घ्या.

हक्कसोडीचं स्पष्ट सांगते. ते रजिस्टर होणारं दस्त आहे, एकदा सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा टेकवला की नंतर "मला समजलं नव्हतं" म्हणून परत फिरणं फार कठीण. मी कितीतरी बहिणी पाहते, रडतरडत ऑफिसात जातात, भावाच्या गाडीत बसून, कोणी दस्त वाचून दाखवत नाही. दादाने आईला सांभाळलं हे खरंच असेल आणि तुम्हाला मनापासून प्लॉट सोडावासा वाटत असेल तर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण दवाखान्याचं बिल हे कारण पुढे करून सोडू नका. बेसा रोडच्या प्लॉटचा आजचा भाव आणि बिलातला निम्मा वाटा यांची बरोबरीच होत नाही. दादाला म्हणा, आधी क्लेम येऊ दे, बिलाचा हिशेब मिटू दे, वर्षश्राद्ध होऊ दे, मग प्लॉटचं बोलू. त्यातही जमलं नाही तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि दावा न लावता आधीच समेटाला बसवता येते.

प्रश्न: ताई मी कळमन्याला हमाली करतो. बाप पायरीवरून पडला, डोक्याला मार, एका खासगी दवाखान्यात चार दिवस ठेवला, वाचला नाही. सकाळी सातला गेला, त्यांनी संध्याकाळपर्यंत बॉडी नाही दिली, १ लाख ७५ हजार बाकी म्हणून. पाहुणे जमले होते, शेवटी माझ्या खात्याचा पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक घेतला तेव्हा सोडली. खात्यात ६ हजार आहेत. आमच्याकडे केशरी रेशन कार्ड आहे. चेक बाऊन्स झाला तर जेल होते काय?

उत्तर: भाऊ, जे झालं ते व्हायला नको होतं. बिलासाठी मृतदेह अडवणं चूक आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत बॉडी ताब्यात मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि आपल्या राज्याच्या २०२१ च्या नियमांनीही बिलासाठी बॉडी अडवून ठेवायला मनाई केली आहे. ज्यांना अशी वेळ आत्ता आली असेल त्यांनी तिथेच उभं राहून ११२ ला फोन करावा. विमा असेल तर विमा कंपनीलाही तिथूनच फोन लावा, २०२४ पासून नियम आहे की उपचारात पेशंट गेला तर क्लेम लगेच हातात घ्यायचा आणि बॉडी लगेच सोडवून द्यायची.

तुमच्या चेकचं काम मात्र तातडीचं आहे. चेक तुमच्या खात्याचा आहे, बापाच्या नाही, म्हणून इथे वारसाचं संरक्षण पुरत नाही. बाऊन्स झाल्याबरोबर जेल होत नाही, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत त्यांनी तुम्हाला नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस तुम्हाला पैसे भरायला असतात, त्यानंतर केस. पण केस झाली तर २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो, तेव्हा हलक्यात घेऊ नका. नुसतं बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट करून सुटका होत नाही, त्यावरही केस होते. म्हणून तारीख यायच्या आत दवाखान्याला रजिस्टर पोस्टाने पत्र टाका, त्यात बॉडी किती वाजेपर्यंत अडवली, तेव्हा कोण कोण हजर होतं, चेक कोणत्या दबावाखाली घेतला, आणि पूर्ण बिल द्या, चेक टाकू नका, हे सगळं लिहा. त्या पत्राची प्रत पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात द्या, दोन्हीकडे पोच घ्या. पत्र लिहायला वकील पाहिजे असेल तर वर सांगितलेल्या विधी सेवा प्राधिकरणातच जा, कमी उत्पन्न असलेल्यांनाही फुकट आहे. नोटीस आली तर घरात ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

दुसरं, त्या दवाखान्यात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा बोर्ड होता का ते बघून या. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्या रेशन कार्डवाल्यांना आहे, घरामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि डोक्याच्या माराचे बरेच उपचार तिच्यात बसतात. दवाखाना योजनेतला असेल आणि तरी तुमच्याकडून पैसे घेतले असतील तर १५५३८८ वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. योजनेतला नसेल पण ट्रस्टचा असेल तर धर्मादाय सहआयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करा, ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधीही असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, सगळीकडे तोच मागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या नावाने कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, तो निधी चालू उपचारांसाठी आहे, झालेल्या बिलासाठी नाही.

उपचारातच हयगय झाली असं वाटत असेल तर वारस म्हणून ग्राहक आयोगात जाता येते, २ वर्षांची मुदत आहे, पण आधी केस पेपर घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, नुसत्या रागावर जाऊ नका.

प्रश्न: महालात आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे आईच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांची उधारी १४ हजार ३०० निघाली, आई जाऊन दोन महिने झाले. त्याने कधी मागितली नाही, मीच विचारलं तर वही दाखवली. वही म्हणजे काही बिल नाही, द्यायलाच पाहिजे का?

उत्तर: कायदा वरचाच, आईने मागे जेवढं ठेवलं असेल तेवढ्यातून. पण माझं मत विचाराल तर द्या. त्याने वर्षभर आईच्या गोळ्या खंडू दिल्या नाहीत आणि ती गेल्यावर दारात आला नाही. एकदम जमत नसेल तर दोन-तीन वेळात द्या, यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहील, आणि शेवटचे पैसे दिले की वहीतल्या आईच्या पानावर "पूर्ण मिळाले" असं त्याच्या हाताने लिहून सही-तारीख घ्या आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.